आरोपपत्राच्या समासातला शब्द

टण्... टण्... टण्. महुआच्या फांदीला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा आणि त्यावर पडणारा हातोडा. भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांची बांधकामं चालू होती, भोंगा अजून यायचा होता, आणि मजुरांच्या मनगटावर घड्याळं नव्हती. त्या टणत्कारावर आमच्या भागातली माणसं कामाला लागत, काम सोडत. टाइम ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीतून उठून तो हातोडा मारणारा कारकून मी होतो. रामटेकेदादांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकासाठी लेख लिहायला बसलो आणि सगळ्यांत आधी तोच आवाज कानी आला. आमची खरी ओळख त्यानंच करून दिली.

श्री. श्रावण रामटेके भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आले. घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिलेच. कार्मिक विभागात त्यांच्याकडे काम होतं चार्जशीट, म्हणजे आरोपपत्रं, तयार करण्याचं. छापील कागदावर एकच शब्द असे, ‘गैरवर्तन’. कामावर डुलकी घेणारा, साहेबाला उलटून बोलणारा, यंत्र मोडणारा, सगळे त्या एका शब्दाखाली. दादांना हे पटत नसे. समोरच्या माणसाला ते आधी बसायला सांगत आणि विचारत, “तुमच्या घरी याले काय म्हन्तात?” जे उत्तर येई ते कागदाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत. एकदा पाळीत झोपलेला अमरावतीकडचा गडी म्हणाला, “आमच्या घरी याले झोप म्हन्तात, बाबू.” दादांनी गंभीरपणे समासात ‘झोप’ लिहिलं. वरचे साहेब हसले, आणि ताकीद देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं.

या सवयीतूनच त्यांचा शब्दांचा अभ्यास वाढला. गुन्हा फारसीतून आला. जुन्या दरबारी कागदांत तक्सीर आहे. ती आणि कसूर एकाच घरची, दोन्हींत मूळ भाव कमी पडण्याचा. अपराध संस्कृतातला, आणि तिथं त्याचा एक जुना अर्थ नेम चुकणं असा आहे. सुपेला वस्तीतल्या चहाच्या टपरीवर दादा हे सांगत आणि मी, शाळेतल्या कवितांवर जगणारा माणूस, तोंड उघडं टाकून ऐकत राही.

आता ती गोष्ट, जी दादांनी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

मला घड्याळाकडे बघण्याचा कंटाळा. दुपारच्या उन्हाची तिरीप उंबऱ्याला टेकली की चार वाजले, असा माझा हिशेब. शिवाय रजिस्टरात दिवसभराच्या घंटांच्या वेळा मी सकाळीच, वळणदार अक्षरात, भरून ठेवत असे. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, तिरीप लवकर येऊ लागली. एका दुपारी शाळेत गुरुजींनी शिकवलेली कविता गुणगुणत मी उठलो आणि चाराची घंटा दहा मिनिटं आधी दिली.

क्रेननं उचललेला भार चाराच्या आत जमिनीवर टेकलेला असणार, आणि घंटा झाली की तो सावरणारा दोर खालच्या मजुरानं सोडायचा, ही रीत. त्या दिवशी दोर धरलेले मजूर होते जवळच्या कुरुद गावचे बिसाहू; त्यांनी तो सोडला. भार अजून हवेतच होता. तो फिरून आला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चार्जशीटही त्यांनाच मिळालं. वेळेआधी दोर सोडला, नोकरी जाणार. ते आपल्या छत्तीसगढीत सांगत होते, “घंटी बाजिस, त छोड़ देंव.” रजिस्टर सांगत होतं, घंटा बरोबर चारला. मी गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दादा माझ्या खोलीत आले. रजिस्टर उघडलं, बराच वेळ पाहिलं.

“कविराज, आता वाजले किती?”

“बारा.”

“मंग चाराची घंटा लिहून कावून ठेवली?”

त्यांनी आवाज चढवला नाही.

“तुमचा नेम चुकला, कोनाचाबी चुकते. पन बाण दुसऱ्याले लागला अन् तुमी धनुष्य लपवून बसून राहिले. याले तुमच्या घरी काय म्हन्तात?”

मी त्याच दुपारी लिहून दिलं. बिसाहूंची नोकरी राहिली, माझी टाइम ऑफिसमधून उचलबांगडी झाली. दादांनी समासात माझ्यासाठी कोणता शब्द लिहिला, तो मी कधी पाहिला नाही. निघताना ते एवढंच म्हणाले, “हे साहेबाले दिलं. बिसाहूले कवा सांगता?”

मी गेलो नाही. माझ्या रिसालीतल्या घराहून कुरुद काही परदेश नाही, तरी गेलो नाही. पुढं माझ्या पत्नीच्या आजारात दादांनी दवाखान्यात रात्रंदिवस सोबत केली, माझ्या मुलींना शिकवलं, आणि दर भेटीत एकच प्रश्न विचारला, “कुरुदले गेलते का?” उपदेश नाही, टोमणा नाही. माझं उत्तरही ठरलेलं, “जाईन.”

दादा, तुमचे डोळे असेच धड राहोत, त्या पेन्सिलीला अजून खूप समास मिळोत, आणि शंभरीच्या अंकातही मलाच लिहायला सांगा. तोवर मी कुरुदला

वाक्य अर्धंच राहिलं, कारण दाराची कडी वाजली. दारात काठी टेकून एक पिकलेला म्हातारा उभा होता.

“घंटी वाले बाबू के घर इही हरे का?”

मी होय म्हटलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या.

“मैं बिसाहू. रामटेके बाबू के किताब निकलत हे न? महूँ ल दू बात लिखवाना हे. मोला लिखे बर नइ आवय. बाबू कहिस, घंटी वाले के अक्छर सुग्घर हे, उही कर जा.”

दादांनीच त्यांना दोन शब्द लिहवून घ्यायला माझ्याकडे धाडलं होतं. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि उजवा हात पुढं केला. तीन बोटांचा. मी तो दोन्ही हातांत घेतला. कोरा कागद टेबलावर होता, पण त्यांनी सांगायला सुरुवात करण्याआधी मला बोलायचं होतं.

“बिसाहूभाऊ, आधी बसा,” मी म्हटलं. “वो घंटी...”