माळवद उतरलेली खोली

सोलापूरहून सकाळच्या पॅसेंजरने निघाले तेव्हा पिशवीत उसना कॅमेरा होता. उजनी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एका गावात कौसाबाई नावाची बाई घरातल्या भिंतीवर चित्रं काढते, असं शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. मी चित्रकला शिकवते. घर मोडण्याआधी मला ती भिंत बघायची होती.

जेऊरला उतरले आणि चपलेचा अंगठा तुटला. पुढे बैलगाडी मिळाली. समोरून खाटा, रांजण, दारांच्या चौकटी लादलेल्या गाड्या येत होत्या. उन्हासाठी मी डोक्यावर पदर घेतला.

उशीरच झाला होता. कौसाबाईंच्या घराचं माळवद (मातीचं सपाट छत) आदल्या दिवशी उतरवलं होतं. दर्शनी भिंतही पाडलेली. त्यांचे यजमान आणि दीर तुळया गाडीत चढवत होते. मागची भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यावर काव, नीळ, काजळीने रंगवलेली एक खोली: पडद्यांची खिडकी, पलंग, मोठा आरसा, खुर्चीत रेललेली मोकळ्या केसांची बाई. पाय लांब सोडलेले, हात रिकामे. चूल कुठेच नाही. इतकी निवांत बाई मी कुठल्या प्रदर्शनात पाहिली नव्हती.

"कोण ही?" मी कौसाबाईंना विचारलं.

"कोन न्हाय. दुपारी समदी रानात गेली की मी हिच्यापाशी बसायची."

वाटेवरचे गाडीवान थांबून बघत होते. एक जण म्हणाला, "वैनी, तुमची पावनी लई निवांत हाय की." दीर हसले. मला संताप आला.

मी कॅमेरा काढला.

"जरा थांबा, बाई." कौसाबाईंनी गाडीत चढवलेलं चुन्याचं मडकं उतरवलं, चिंधी बुडवली आणि चित्रातल्या बाईचे केस झाकू लागल्या.

"अहो, असू द्या ना," मी त्यांचा हात धरला.

"आत व्हती तवर ठीक व्हतं. आता उघड्यावर आलीया. समदी बघत्यात."

त्यांनी हात सोडवून घेतला. पांढरा पदर कपाळापर्यंत आला. मग लांब सोडलेले पायही झाकले. "आता काढा फोटो."

निघताना त्यांनी भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. ती पिशवीत ठेवत मी विचारलं, "नव्या घरी पुन्हा काढाल?"

"तितं पत्र्याच्या भिंती हायती. रंग धरायचा न्हाय."

परतीच्या गाडीत फार उदास वाटत राहिलं. पाणी यायला अजून अवकाश होता. ती बाई मात्र माझ्यादेखत बुडाली होती. सोलापूर आलं तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं. माझा पदर डोक्यावर तसाच होता.