तीन चांगले डायोड

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा आली तेव्हा माझं लेकरू आठ महिन्यांचं होतं. आखाडा बाळापूरहून सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं हिंगोलीला आलो. मी, सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर लेकरू. कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ कडुलिंबाखाली सासूबाईंनी सतरंजी अंथरली. "जा तू. मी हाय न्हवं," त्या म्हणाल्या. निघण्याआधी लेकराला पाजायला घेतलं, पण ते येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडंच बघत राहिलं. नीट प्यालंच नाही.

लॅबचं दार आतून लावून घेतलं. बाहेरगावचे परीक्षक आले होते, त्यामुळं आमचे सर नेहमीपेक्षा कडक झाले होते. "एकदा बसलं की सर्किट दाखवल्याशिवाय उठायचं न्हाई. बाहेर गेलात तर परत आत घेणार न्हाई," त्यांनी सांगून टाकलं.

मला ब्रिज रेक्टिफायर आला. वीज मागं-पुढं वाहत असते; चार डायोड असे जोडायचे की ती एकाच दिशेनं जावी. वर्षभरात मी हे इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालत. चांदीच्या रंगाची पट्टी कुठल्या बाजूला हे बघून चारही डायोड ब्रेडबोर्डाच्या भोकांत खोचले, ट्रान्सफॉर्मर जोडला आणि विजेची लाट पडद्यावर दाखवणारा सीआरओ चालू केला. पडद्यावर एकाला एक लागून टेकड्या दिसायला हव्या होत्या. दिसली एक टेकडी, मग सपाट जागा, मग परत एक टेकडी. अर्धी लाट गायब.

मी सगळं उपसून परत जोडलं. तेच. तिसऱ्यांदा जोडत होते तेव्हा खिडकीबाहेरून रडणं ऐकू आलं.

वर्गात एवढ्या पोरी, बाहेर एवढी माणसं, पण आपल्या लेकराचं रडणं ओळखू येतंच. आधी नुसती कुरकुर होती, मग तोंड फाडून रडणं. मला पान्हा फुटला. ब्लाउज ओला झाला, वरचा पांढरा अ‍ॅप्रनही ओला होऊ लागला. मी डावा हात छातीशी घट्ट दाबून धरला आणि एका हातानं वायरी काढू लागले.

"सर, पाच मिनिटं जाऊ द्या. लेकरू रडून राहिलं."

सरांनी परीक्षकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मला कळतंय बाई. पण तुला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू? लवकर दाखव अन् मोकळी हो."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पुटपुटली, "माझी रीडिंग घे ना. काहून जीव जाळून घेऊन राहिलीस?" पण परीक्षक प्रत्येकीच्या पडद्यापुढं उभे राहून लाट बघत होते. रीडिंग उतरवून काय होणार?

बाहेर सासूबाईंचा आवाज येत होता, "उगी उगी, आली बघ आई." मी येत नव्हते. दार दहा पावलांवर होतं आणि मला त्या स्टुलावरून उठता येत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, उठावं, सगळं तिथंच टाकून जावं. वर्षभर पहाटे उठून स्वयंपाक, मग बस, मग कॉलेज केलं होतं ते सगळं जाऊ दे. पण गेले असते तर पुढच्या वर्षी मला परत कोणी पाठवलं नसतं, हेही पक्कं ठाऊक होतं.

मग मी जोडणं थांबवलं. डायोड एकेक काढून मल्टीमीटरवर धरले. तिन्हींनी एका बाजूनं आकडा दाखवला. चौथ्यानं कुठल्याच बाजूनं काही दाखवलं नाही. तो आतून तुटलेला होता. चूक माझी नव्हती, हे कळल्यावर मला रडूच आलं.

"सर, हा डायोड गेलाय. दुसरा द्या."

कपाटाला कुलूप होतं आणि किल्लीवाले जेवायला गेले होते. सर दाराशी जाऊन त्यांना हाका मारू लागले. परीक्षक माझ्या टेबलाशी आले. वयस्कर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी अ‍ॅप्रनवरचा ओला डाग पाहिला असावा, कारण त्यांनी नजर लगेच ब्रेडबोर्डावर नेली.

"तीन चांगले आहेत ना? मग तीनांत काय करता येईल?"

मी ट्रान्सफॉर्मरकडं पाहिलं. त्याला तीन वायरी होत्या, मधली शून्याची. "सर, मधली वायर घेतली तर दोनच लागतात."

"मग करा की."

दोन डायोड जोडले. पडद्यावर टेकड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. परीक्षकांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. रीडिंग घेतली, कशी घेतली ते आठवत नाही. "ब्रिज झालेला नाही, त्याचे गुण मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. "जा आता."

मी पळतच बाहेर आले. लेकरू सासूबाईंच्या खांद्यावर झोपलं होतं, ओठाला पाण्यात भिजवलेल्या बिस्किटाचा चोथा लागलेला. त्यांचा चेहरा उन्हानं रापला होता.

"लई रडलं बाई. मलाबी रडू आलं," त्या म्हणाल्या. मग लेकराला माझ्याकडं देताना बोलल्या, "सुटलीस एकदाची. आता याला सोडून कुठं जायचं काम न्हाई."

त्यात राग नव्हता. माझी सुटका झाली याचा त्यांना खरंच आनंद झाला होता. मी "व्हय" म्हणाले. बसमध्ये कळमनुरीच्या अलीकडं लेकरू जागं झालं आणि पदराखाली अधाशासारखं प्यायलं. मी खिडकीबाहेर हळदीची रिकामी रानं बघत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, की लॅबच्या दाराची कडी उघडली, तरी मी सुटून कुठं निघाले आहे.

पास झाले. नांदेडला एम.एस्सी. करायचं मी त्याच महिन्यात घरात बोलले. नवरा म्हणाला, "लेकरू मोठं होऊ दे, मग बघू." लेकरू आता शाळेत जातं. परवा जेवताना मी परत विषय काढला. नवऱ्यानं सासूबाईंकडं पाहिलं, सासूबाईंनी ताटाकडं. कोणी नाही म्हणालं नाही. मी भाजीचं भांडं पुढं सरकवलं आणि पुन्हा विचारलं.