शांतवन उतरत नव्हता

माज्या जिभेला हाड न्हाय, हे आमच्या कऱ्हाटीत कुणालाबी इचारा. नवरा सांगंल, सून सांगंल, अन मी सोता मान्य करते. पर त्या जिभेनं काय केलं ते मी दीड महिना कुणापाशी बोलले नव्हते. आता सगळ्यांपुढं बोलते, कारण लोक अजून म्हणतात, सख्खा भाऊ विहिरीत पडलेला अन शांतवन काठावर देव देव करत उभा. ते ऐकलं की माज्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

शांतवन साळवे जळोचीचा. विहिरीतल्या मोटारी काढायच्या, बसवायच्या, हे त्याचं काम. बारामती घ्या न्हायतर इंदापूर घ्या, लोक दोन-दोन दिस त्याची वाट बघायचे. बरोबर धाकटा भाऊ दाविद. माणसं किरिस्ताव. रविवारी तुमची बाग का वाळंना, शांतवन कामाला यायचा न्हाय. पांढरा सदरा घालून बारामतीच्या चर्चमधी बसायचा. रविवारी तुजा देव सुट्टीवर असतो का रं, असं मी त्याला कितीदा तरी चिडवलंय. तो हसून म्हणायचा, देव न्हाय वहिनी, मी असतो सुट्टीवर. भांडण त्याच्या अंगातच नव्हतं. मला असली माणसं कळत न्हाईत. भांडल्याबिगर माणूस जगतो कसा?

मागच्या वर्सी मार्चात आमच्या विहिरीतली मोटर गाळात रुतली. कलिंगड ऐन फुगवणीवर. तीन दिस पाणी न्हाय, वेलीनं माना टाकल्या. घरचे इंदापूरला पाव्हण्यांच्या लग्नाला गेलेले, घरात मी, पोरगा ज्ञानेश अन सून प्रगती. दोघं भाऊ सकाळीच आले. मोटर वढायला गेले तर त्यांच्या चेनकप्पीची साखळीच तुटली. शांतवन मोटरसायकल काढून दुसरी आणायला बारामतीला निघाला. जाताना त्यानं ज्ञानेशला बजावलं की दोन वाजता लाईट येईल, मग वरच्या पंपानं पाणी उपसू. तवर इंजन विहिरीत उतरवू नका. हे त्यानं दोनदा सांगितलं. मी तितंच व्हते.

पर दोन वाजेपतूर कोण थांबतंय? आमच्या घरात कुणाच्याच बुडाला दम न्हाय. पेट्रोलचं लहान इंजन घरात व्हतं. वरनं ते पाणी वढत न्हाय, म्हणून ज्ञानेशनं ते दोरानं खाली सोडलं अन आत भिंतीला काढलेल्या टप्प्यावर बसवलं. दाविद नको म्हणत व्हता. मी म्हटलं, विहीर आमची, इंजन आमचं, तुला काय करायचंय? इंजन सुरू झालं, पाणी भसाभसा वर पडाया लागलं. मी खुशीत दाविदला चहा दिला.

तासाभरानं इंजन गुरगुरलं अन बंद पडलं. ज्ञानेश बघायला उतरला. विहीर सात परस, म्हंजी चाळीसेक फूट खोल, टप्पा निम्म्याच्या खाली. वरनं बघते तर तो टप्प्यावर टेकला, डोकं धरलं, अन भिंतीला कलंडला. मी हाक मारली. दुसरी मारली. तो वर बघंना.

दाविदनं शांतवनला फोन लावला. तो परत निघालेला, धा मिनिटांत पोचतो म्हणाला, अन कुणी उतरू नका म्हणाला. आता आमच्याकडं जुनी रीत हाय. विहिरीतल्या हवेचा वहीम आला की बादलीत दिवा लावून खाली सोडायचा. दिवा इझला तर हवा वाईट, जळत ऱ्हायला तर खुशाल उतरा. आमच्या आज्या-पणज्यापासनं असंच चालत आलंय. मी देवघरातला दिवा आणला, बादलीत ठेवला, सोडला. दिवा तळापतूर गेला अन जळत ऱ्हायला.

तरी दाविद हलंना. दादा येऊ दे, म्हणाला.

तवा मी बोलले. शब्द सांगते, एक बी गाळत न्हाय. म्हटलं, "दिवा जळतोय तरी उभा हायस? भित्र्या, माजं पोर मरतंय अन तू भावाची वाट बघतोस? कसला रं तुजा देव?"

त्यानं माज्याकडं बघितलं. चपला काढल्या अन लोखंडी पायऱ्यांनी उतरला. ज्ञानेशपाशी पोचला, त्याचं तोंड वर केलं, अन त्याला पाठुंगळी घ्यायला वाकला तो तसाच पुढं गेला. टप्प्यावरनं खाली गाळात पडला. आवाज बी फार झाला न्हाय.

मोटरसायकल आली तवा काठावर पंधरा-वीस माणसं जमलेली. शांतवननं आत वाकून बघितलं. भाऊ तळाला गाळात, ज्ञानेश टप्प्यावर. मी त्याचा सदरा धरला अन तेच वरडले, दिवा जळतोय, उतर. मला दुसरं काय येतं? तो क्षणभर माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. मग म्हणाला, "दिव्याला इंजनाचा धूर कळत न्हाय, वहिनी." इंदापूरकडं एका विहिरीत तो सोता असाच पडला व्हता, दिवा जळत असताना. हे त्यानं घाईघाईत सांगितलं, पर ऐकायच्या मनात कोण व्हतं? दोन गडी पायऱ्यांकडं धावले. शांतवन आडवा झाला. दोन्ही हात पसरून पायऱ्यांच्या तोंडाशी उभा ऱ्हायला. कुणी त्याला ढकललं, कुणी आईवरनं शिवी दिली. तो म्हणाला, मला मारा, पर आणखी एक बी माणूस खाली जाणार न्हाय.

त्यानं गाडीसाठी एकशे आठला फोन करायला लावला. हिंदुरावांची डाळिंबाची बाग आमच्या शेजारी. त्यांच्याकडं फवारणीचा ब्लोअर हाय, ट्रॅक्टरच्या मागं लावायचा मोठा पंखा. तो आणायला त्यानं माणूस पळवला. ताडपत्रीची गुंडाळी करून तिची नळी बांधून घेतली, म्हंजी पंख्याची हवा सरळ तळाला जाईल. हात भराभर चालत व्हते त्याचे. मग काम संपलं, अन ट्रॅक्टर आलेला नव्हता.

ती सात-आठ मिनिटं मी मरेपतूर इसरणार न्हाय. खाली ज्ञानेशच्या घशातनं घरघर येत व्हती, काठावर प्रगती जमिनीवर डोकं आपटत व्हती, अन शांतवननं डोक्यावरची टोपी काढली. पायऱ्या अडवूनच मान खाली घातली अन ओठ हलवाया लागला. माजा जीव नुसता जळाला. मी त्याच्या पाठीत बुक्क्या मारल्या. म्हटलं, भाऊ बी तुजाच हाय रं, तुला काळीज हाय का धोंडा? त्यानं मान वर केली न्हाय. नंतर काही जण म्हणाले, ओठ हलत व्हते पर गुडघे थडथड उडत व्हते त्याचे. मला ते दिसलं न्हाय. मला फक्त पाठ दिसली.

ट्रॅक्टर आला. त्याचा धूर विहिरीकडं येऊ नये म्हणून त्यानं तोंड फिरवून उभा करायला लावला. पंखा सुरू झाला, ताडपत्री फुगली. तरी तो लगेच उतरला न्हाय, घड्याळाकडं बघत थांबला. मग कमरेला दोर बांधून घेतला, दुसरा दोर हातात घेतला, अन गेला.

टप्प्यावर त्यानं ज्ञानेशच्या नाकाशी हात धरला. मग खाली गाळात उतरला, दाविदला उताणा केला, त्याच्या नाकाशी हात धरला. तितं तो थोडा थांबला. मग परत चढून टप्प्यावर आला अन दोर ज्ञानेशच्या काखंत बांधला. "वढा," म्हणाला. आमी वढलं. माजं पोर माज्या पुढ्यात आलं, अन देवाशपथ सांगते, त्या घटकंला मला खालच्या दोघांची आठवण बी झाली न्हाय.

दाविदला मागनं काढलं. दोघं एकाच गाडीतनं बारामतीला गेले. दवाखान्यात पोचले तवा दाविद गेलेला व्हता, कधी गेला ते कुणालाच ठाऊक न्हाय. ज्ञानेश सहा दिस दवाखान्यात व्हता. आता हिंडतो-फिरतो, उजवा हात तेवढा थरथरतो.

मी मातीला गेले. चर्चमधी पहिल्यांदाच पाय ठेवला. दाविदची बायको रूथ पुढं बसलेली, मांडीवर दोन वर्साची छकुली. लोक गाणी म्हणत व्हते. रूथचा आवाज मधीच तुटायचा, ती गिळायची, अन पुढच्या ओळीला परत लागायची. आमच्याकडं अशा येळंला बाया ऊर बडवतात. मला वाटलं हिला रडू कसं येत न्हाय, अन बाजूनं बघते तर तिचा पदर पार भिजलेला. मग कबरीपाशी शांतवननं पेटी खाली सोडायला दोर धरला, तवा त्याचे हात मला बघवंनात.

दीड महिना मी गप ऱ्हायले. गप ऱ्हाणं मला जमत न्हाय, सगळ्या घराला नवल वाटलं. अन्न जाईना. शेवटी एका रविवारी दुपारी एकटीच एस्टीनं बारामतीला गेले, तितनं रिक्षानं जळोचीला. शांतवन वसरीवर बसला व्हता, रूथ लसूण सोलत व्हती. मी बसले बी न्हाय. उभ्यानं सांगितलं की दाविद थांबला व्हता. त्याला मी उतरवलं. त्याला भित्रा म्हटलं, त्याच्या देवाला बोलले.

शांतवन म्हणाला, "मला ठाऊक हाय, वहिनी. त्या दिवशी तुमी माजा सदरा धरून वरडला, तवाच कळलं दाविद का उतरला ते."

मी खाली बसले. म्हंजी ते कळल्यावर तो पायऱ्या अडवून उभा व्हता. ते कळल्यावर त्यानं दोर माज्या पोराला बांधला. मी इचारलं, मग तवा काय मागत व्हतास देवाकडं?

तो म्हणाला, "खाली गेल्यावर दोघांकडं सारखं बघता यावं, येवढंच. ज्ञानेशचा श्वास चालू व्हता. दाविदचा मला लागत नव्हता." मग म्हणाला की तेच बळ तो अजून रोज मागतो. कारण रोज सकाळी उठला की वाटतं, खाली हात ठेवला तवा आपल्याच हाताला कळलं नसंल तर? दाविदचा श्वास असंल तर? मागितल्याबिगर तो दिवस सुरूच व्हत न्हाय.

रूथ सगळं ऐकत व्हती. तिच्या हातातला लसूण तसाच व्हता. ती शांतवनला म्हणाली, "भावजी, ह्यातलं तुमी मला काहीच सांगितलं न्हाय." त्यानं मान हलवली. ती उठून आत गेली, अन मी निघाया लागले तशी दारात आली. तिचं तोंड पांढरं पडलेलं.

"आज माज्याच्यानं तुमच्याशी बोलवणार न्हाय," ती म्हणाली. "तेवढं बळ अजून न्हाय मिळालं. पर तुमी परत या."

मी परत गेले. दर रविवारी दुपारी जायला लागले, ती माणसं चर्चमधनं आल्यावर. शांतवन चार शब्द बोलायचा. रूथ पाणी द्यायची अन आत जायची. एकदा तर पाणी बी शांतवननंच आणलं. मी शिव्या खायला तयार व्हते, शिव्या मला समजतात. ह्या गप बसण्यापुढं माजं काय चालत नव्हतं. तरी गेले.

सातव्या रविवारी तिनं पाण्याचा तांब्या ठेवला अन आत गेली न्हाय. छकुलीला मांडीवर घेऊन माज्यासमोर खाली बसली. जमिनीकडं बघत व्हती, शांतवनचे हलले व्हते तसे ओठ हलत व्हते. मग वर बघितलं अन इचारलं, "ज्ञानेशला त्या हातानं जेवता येतं का नीट?"