विलायतीची खांदशेकणी

माझ्या बुडाखाली निखारे आहेत असं माझी बायको म्हणते. ताटावर बसलो तरी मी अर्ध्या पोळीवरून उठतो, समोरचा बोलत असला तर त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो, आणि बस वेळेवर आली तरी मला ती उशिरा आल्यासारखीच वाटते. लाखनीत हायवेला लागून माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर डोळ्यांसमोरून ट्रक जातात, आणि ते चाललेत नि आपण मात्र गल्ल्यावर बसलोय, हेही मला सोसत नाही. अशा माणसानं वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या ट्रकच्या नादी लागावं, याचं घरात सगळ्यांना हसू आलं होतं.

तो ट्रक माझ्या गावी आहे, तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घरामागच्या वाडीत मोहाच्या झाडाखाली. बाबा त्याला ट्रक म्हणत नाहीत, विलायती म्हणतात. लांब नाकाची, गोल दिव्यांची, साहेबाच्या देशात बनलेली डिझेलची गाडी. बाबा तरुण असताना तिच्यावर चिखल्याच्या खाणीतलं मॅंगनीज भरून तुमसरच्या रेल्वे स्टेशनावर नेत. पुढे वाहतुकीच्या ठेकेदारानं नवे ट्रक घेतले आणि जुनी कटकट म्हणून ही बाबांच्याच गळ्यात घातली. बाबांना तर तेच हवं होतं. मग तिनं गावाचं धान वाहिलं, वऱ्हाडं वाहिली, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते त्या दिवशी तिच्या बाजूच्या फळ्या पाडून तिच्यावर दंडारीचं नाटकसुद्धा झालं. शेवटी इंजिन बसलं, त्याचे भाग कुठे मिळेनात, आणि ती मोहाखाली थांबली ती थांबलीच.

थोरला भाऊ गावी शेती बघतो. त्याला आता हार्वेस्टर आणायचं होतं आणि ते ठेवायला शेड बांधायची होती. जागा एकच, मोहाखालची. मागल्या उन्हाळ्यात एकदा तो म्हणाला की भंगारवाला तयार आहे, गॅसनं कापून नेईल. नाही म्हणून मी ताडकन उठलो. विलायतीसाठी नाही, खरं सांगतो, बाबांसाठी. बाबा रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन वाडीत जातात आणि तिच्या दाराखालच्या फळीवर, जिथे पाय ठेवून वर चढतात तिथे, बसून चहा पितात. आई गेल्यापासून ते घरात जवळपास बोलत नाहीत, पण तिथे बसले की गुणगुणतात. ती फळीच कापून नेली तर ते सकाळी उठून जाणार कुठे? भंगारवाल्याचं त्यांच्याही कानावर गेलं होतं. त्या दिवसापासून ते चहाला जास्त वेळ लावू लागले.

मी भावाशी भांडलो. तोही वैतागला होता. शेवटी म्हणाला, “या पोळ्याले ती आखरावर तोरणाखाली उभी दिसली, त राहू दे. मी शेड दुसरीकडे बांधतो.” तो आणखी काही सांगत होता, पण मला तेवढंच पुरे होतं. मी मोटरसायकलला किक मारली आणि निघालो.

पोळ्याचं हे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे बैल नव्हते तेव्हा बाबा पोळ्याला विलायतीच सजवत. नाकावर बैलाच्या कपाळाला बांधतात ती मठाटी बांधत, दिव्यांना गोंडे लावत, आणि आखरावर, जिथे गावचे सगळे बैल तोरणाखाली रांगेनं उभे राहतात, तिथे शेवटच्या जोडीच्या बाजूला तिला उभी करत. लोक हसत, पण दुसऱ्या वर्षी तिची जागा मोकळी ठेवत. मला ते लख्ख आठवतं. मी आत सीटवर, ते ताटाएवढं स्टिअरिंग, खाली थरथरणारी गाडी, ढोल, आणि टपाला घासून जाणारी आंब्याची पानं. म्हणजे इंजिन सुरू करायचं, तेही पोळ्याच्या आत. एवढं साधं काम होतं, आणि मी त्यासाठी जिवाचा आटापिटा केला.

रविवार गेले, मग सोमवारही जाऊ लागले. दुकान बायकोवर टाकून मी गावचा रस्ता धरायचो. पहिले काही दिवस नुसती धुलाई चालली. सांध्यासांध्यांतून मॅंगनीजची काळी भुकटी निघायची, कितीही धुवा, पाणी काळंच. दुकानातले पाने घेऊन गेलो तर एकही नट बरोबर बसेना, थोडा सैल नाहीतर थोडा घट्ट. विलायतेची मापंच वेगळी. बाबांचे जुने पाने गोणपाटात गुंडाळून माळ्यावर होते, ते बसले. चाकं जाम झाली होती ती मोकळी केली, ब्रेक धरू लागले, टायर ट्रॉलीचे चढवले. हौद्याच्या फळ्या बैलबंड्या बनवणाऱ्या सुतारानं नव्या करून दिल्या. धानाची रोवणी आटपेपर्यंत गाडी हातानं ढकलली तर पुढे-मागे व्हायला लागली होती. पण ढकलून काय उपयोग, असं मला वाटायचं.

इंजिन मात्र हट्टाला पेटलं होतं. डिझेलचा पंप नागपूरला नेला, आणला, पुन्हा नेला. पुढून हँडल घालून फिरवायचं, ते एवढं जड की उजवा खांदा ठणकायला लागायचा. काळा धूर यायचा, एखादा ठोका पडायचा आणि सगळं गप्प. मी चिडायचो, गाडीला शिव्या घालायचो, मग पुन्हा हँडल. भाऊ पाणी द्यायच्या निमित्तानं येऊन बघून जायचा. एकदा काही सांगायला तोंड उघडलं त्यानं, मी म्हटलं, नंतर. बाबा लांबून बघत, आणि मी जेवायला आलो नाही की माझं ताट झाकून ठेवायला लावत.

पोळ्याच्या आदल्या दुपारी पंप तिसऱ्यांदा बसवला. नळ्यांतली हवा काढली. ऊन उतरत होतं, गावात बैलांच्या घागरमाळा वाजत होत्या. शर्ट काढून नुसत्या बनियनवर मी हँडल धरलं. या वेळी लागणार, असं आतून वाटत होतं. तेवढ्यात बाबा आले. एका हातात तूप-हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. माझ्याकडे न बघता ते वाकले आणि पुढच्या चाकांवरचे पाटे, जिथे सगळं वजन बसतं, तिथे पानानं तूप-हळद चोळू लागले. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. जू वाहून सुजलेला खांदा शेकायचा आणि बैलाला जेवणाचं निमंत्रण द्यायचं. बाबा ते विलायतीला देत होते. “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

मग मला म्हणाले, “आता तिले हात नको लावू.”

माझा तोल गेला. उद्या ही आखरावर दिसली नाही तर दादा हिला कापून टाकणार, तुमची बसायची जागा जाणार, मी एवढे दिवस कोणासाठी मरून राहिलो, असं बरंच काही मी बोलून गेलो. बाबांनी ऐकून घेतलं.

“पोळ्याले कोनी जुपते काय गा?” ते म्हणाले. “सांजपासून जू उतरलं तिचं. इंजिन म्हणजे तिचं जूच. तोरणात ती कधीच इंजिननं गेली नाही. सारी गल्ली ढकलत नेत होती. तू त आत बसून राहायचा.”

मी हँडल सोडलं. आठवू लागलो तर खरंच, ढोल होते, लोकांचा गलका होता, थरथर होती ती खडबडीत रस्त्याची. त्यातला इंजिनचा आवाज मीच आपल्या मनानं भरला होता.

तसाच भावाकडे गेलो. तो गोठ्यात बैलाचा खांदा शेकत होता. त्याला विचारलं की तुला हे माहीत होतं का. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच कीव आली. माहीत कसं नसणार, लहानपणी तोच तर मागून ढकलायचा. त्या दिवशी तो तेच सांगत होता, की चाकं तेवढी मोकळी कर, ढकलायची माणसं माझ्याकडे लागली. मी किक मारून निघून गेलो होतो. माणसं त्यानं रोवणीच्या वेळेसच सांगून ठेवली होती. हिला वाचवायचं हे त्याचं मी किक मारायच्या आधीच ठरलं होतं, फक्त एकदा सगळ्यांसमोर बाबांना तिच्यावर बसलेलं बघायचं होतं त्याला.  

वाडीत परतलो तर बाबा तिथेच होते. वाटीत थोडी तूप-हळद उरली होती. त्यांनी मला बस म्हटलं. मी उभाच राहिलो, तर बनियनची पट्टी बाजूला सारून ती हळद त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर, नेमक्या दुखऱ्या जागी, पळसाच्या पानानं चोळली. 

“आज आवतन घे, उद्या जेवाले ये,” ते म्हणाले. “अन् अर्ध्यातून उठू नको.”

मी रडलो. लपवायला गाडीखाली शिरण्याचं निमित्त होतं, पण तेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी विलायती आखरावर गेली. बाबा स्टिअरिंगवर, पांढरं धोतर नेसून, आणि मागे फळ्यांना खांदे लावून भाऊ, मी आणि अर्धं गाव. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांनी तिच्यावरही एक रचली. रांगेच्या शेवटी तिला जागा सोडलेलीच होती. तोरण तुटून पोळा सुटल्यावर भावानं भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. घरी मी पुरणाच्या पोळ्या शेवटपर्यंत बसून खाल्ल्या, आणि सणासाठी गावी आलेल्या बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिलं.

इंजिन त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. धूर झाला, शेजारच्या म्हाताऱ्या ओरडल्या, ते सगळं रीतसर झालं. पण मला आठवते ती त्या दिवसाची सकाळ. पोळा संपला, आता जुपायला हरकत नाही, म्हणून मी उजाडताच हँडल घेऊन वाडीत पोचलो होतो. बाबा फळीवर बसून चहा पीत होते. ते बसलेले असताना हँडल मारता येत नव्हतं. मी जरा वेळ येरझारा घातल्या. त्यांनी सरकून जागा केली, अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे धरला. मी हँडल गवतात टेकवलं आणि त्यांच्या बाजूला बसलो. त्यांचा चहा अजून बराच बाकी होता.