काळीचं दुखणं

कोंबड्यांची ढुंगणं धुऊन नाव कमावलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सोलापुरात गिरणीच्या चाळीत तिची आणि आमची भिंत एक होती. बजाबाई काय बोलते ते ऐकायला कधी कान द्यावा लागला नाही, उलट कानांवर हात ठेवायची पाळी यायची. तिचा नवरा रामहरी गिरणीत सुताला पिठाची खळ लावायच्या खात्यात कामाला. माणूस गरीब आणि अतोनात भित्रा. दोघांच्या वाट्याचं धाडस बजाबाईनं एकटीनंच उचललं होतं.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रामहरीला पटकी झाली. उलट्या-जुलाबांनी डोळे खोल गेले, बोलणं बंद झालं. बजाबाई मरीआईच्या देवळात धावली आणि पदर पसरून म्हणाली, "आई, ह्यास्नी वाचीव. माजी काळी तलंग तुला देते."

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. खुराड्यात तांबडी होती, कवडी होती, कुणालाच नको असलेला एक म्हातारा कोंबडा होता. नुसतं 'कोंबडी' म्हटलं असतं तरी देवी काही हरकत घेणार नव्हती. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरातली सगळ्यात चांगली वस्तू निघून जाते. बोललेला नवस बदलता येत नाही. काळी म्हटलं की काळीच, मरीआईला कोंबडं देतात त्या आखाडातच, आणि तीही बिनखोडीची.

रामहरी वाचला. आखाड लागला आणि काळी खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट पाडून बसली. बजाबाईनं उचलून पाहिलं तर मागची पिसं पांढऱ्या चिकट घाणीनं लडबडलेली, भोक लालभडक सुजलेलं, आणि वास असा की आमच्या खोलीत भाकरी घशाखाली उतरेना. देवळातली पुजारीण शिवम्मा नाकाला पदर लावून लांबूनच म्हणाली, "असली देवीला चालत न्हाई. बरी कर, मग आण."

बजाबाई कामाला लागली. काळीला वेगळ्या डालग्याखाली ठेवली, खाली रोज कोरडी राख पसरली. सकाळी ओट्यावर बसून तिला कोमट मिठाच्या पाण्यात बुडापुरती बसवायची. घाण भिजली की बोटानं हळूहळू सुटी करायची, चिकटलेली पिसं कातरीनं कापायची, कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं धुवायची, फडक्यानं टिपून हळद आणि खोबरेल लावायची. प्यायला पातळ ताक. बरोबर तोंडही चालू असायचं. "बस की गं भवाने! देवानं तुजं लाजायचं काय ठेवलंय?" पाळी सुटून येणारे बाप्ये माना वळवून जायचे.

नवऱ्याच्या पटकीतसुद्धा तिनं एवढं गोड बोलून काही केलं नव्हतं.

काळी बरी झाली, पण तोवर श्रावण लागला. श्रावणात कापाकापी नाही, म्हणून नवस पुढच्या आखाडावर गेला. मधल्या काळात बजाबाईचा बोलबाला झाला. बायका पदराखाली कोंबड्या घेऊन यायच्या, आणि ही कोंबडी उलटी धरून अशा थाटात बघायची की सिव्हिल सर्जननं शिकवणी लावावी. सगळंच जमायचं असं नाही. एका कोंबडीच्या पोटात अंडं अडकलं होतं आणि ही नुसती मिठाच्या पाण्यानं धूत बसली. कोंबडी मेली. बजाबाईनं सरळ मालकिणीवरच ढकललं, "तुमची नजर लई वंगाळ हाय." एकूण मात्र पुष्कळ कोंबड्या बऱ्या होऊन गेल्या.

काळी आता अंडी घालत होती. सकाळी हाक न मारता येऊन बजाबाईच्या मांडीवर बसत होती. रामहरी आमच्या दारात येऊन तक्रार करायचा की बायको कोंबडीशी जेवढं बोलते तेवढं माझ्याशी बोलत नाही. मी म्हणायचो, तू सुखी आहेस.

पुन्हा आखाड लागला आणि काळी पुन्हा आजारी पडली.

"गल्लीतल्या समद्या कोंबड्या तुज्या हातनं बऱ्या होत्यात," रामहरी म्हणाला, "मग घरचीलाच काय धाड भरली?"

"जुनं दुखणं हाय. उलटतंया."

तो आखाड तसाच गेला. त्याच्या पुढच्या आखाडातही काळीची शेपटी पांढरी. रामहरीची झोप उडाली. पटकीत आपण कुठवर जाऊन आलो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि देवी हे विसरेल असं त्याला वाटत नव्हतं. भोंग्याआधी उठून तो कोंबडीची शेपटी वर करून बघायचा, सुस्कारा टाकायचा आणि कामावर जायचा. एका सकाळी ती घाण बोटाला जरा जास्तच लागली. त्यानं ती अंगठ्यावर चोळली, ताणून पाहिली, नाकाशी नेली. जन्म खळीत गेलेला माणूस तो.

"अगं, ही खळ हाय की! जुंधळ्याच्या पिठाची!"

मग जे झालं ते अख्ख्या चाळीनं ऐकलं. "माजा जीव तितं टांगलाय, आन तू कोंबडीच्या ढुंगणाला खळ लावतीस?"

"पातळच लावली हुती!" बजाबाई ओरडली. मग आवाज एकदम खाली आला. "ह्या हातांनी धुतलंय तिला. ह्याच हातांनी कापायला देऊ व्हय?"

"येत्या मंगळवारी कोंबडी देवळात गेली पायजे," रामहरी म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो बायकोला दरडावून बोलला होता.

मंगळवार यायच्या आत त्याला ताप भरला. असा भरला की अंगाला हात लावावेना. याचा अर्थ काय तो कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. बजाबाईचा आवाज बंद झाला. चाळीला त्या शांततेची भीती वाटली, मलाही वाटली. मंगळवारी तिनं काळीला न्हाऊ घातलं, डोक्याला कुंकू लावलं, पदरात गुंडाळलं आणि दारात उभी राहिली. मी रामहरीच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसलो होतो.

"हिकडं आण," रामहरी म्हणाला. "बघू."

तिनं कोंबडी पुढं धरली. त्यानं शेपटी वर केली आणि बराच वेळ बघत राहिला. मीही पाहिलं. सगळं लख्ख होतं.

"घाण हाय," तो म्हणाला.

"अवं, आत्ता तर धुतलीया."

"मी म्हणतो न्हवं, घाण हाय! असली देवीला चालत न्हाय. ठिव तिला हितंच."

"आन तुमी?"

"माजं काय. गेलोच, तर तू एकलीच ऱ्हाशील या खोलीत. सकाळच्या पारी कुणावर वरडशील? ऱ्हाऊ दे तिला."

बजाबाई मटकन खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडली. काळी पदरातून निसटून चुलीपाशी राख उकरू लागली. मी उगाचच घडी पिळत राहिलो, कारण माझेही डोळे धड नव्हते.

मग बजाबाई उठली आणि नुसता नारळ घेऊन देवळात गेली. तिथं ती काय बोलली ते शिवम्मानं नंतर चाळभर सांगितलं. "कोंबडी धडधाकट हाय, आई. लबाडी मी केली. मी तुला ती देत न्हाय. राग काढायचा तर माज्यावर काढ, त्यांच्याकडं बघू नगंस." एवढं बोलून नारळ फोडला आणि पाठ फिरवली. शिवम्माच्या म्हणण्याप्रमाणं देवीलाही काय बोलावं ते सुचलं नसावं.

रामहरीचा ताप उतरला. बायको देवळात काय बोलून आली ते त्याच्याही कानावर गेलं, आणि त्यानं नवी भीती धरली. तेव्हापासून तो भोंग्याआधी उठायचा आणि अंधारात चाचपडत बजाबाईच्या कपाळावर हात ठेवायचा. ती झोपेतच त्याला शिव्या घालायची. त्या भिंतीपलीकडून ऐकू आल्या की मला कळायचं, आता हा समाधानानं कामावर जाईल.