चार उपग्रह आणि एक बाळूदादा

मला वाटलं होतं, उपग्रह म्हटलं की मुरबाडची माणसं आकाशाकडे बघतील. त्यांनी आधी गाडीतल्या बोलक्या मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "आतली बाई कोन?"

बंगळूरला नकाशांचं शास्त्र शिकून मी परत आले ती पाड्यापाड्यावर दवाखाना पोचवायचाच, असं ठरवून. एका संस्थेने महिनाभराच्या बोलीवर गाडी दिली. दर सोमवारी ती ठाकूरवाडीला वेळेत पोचली तर आमची, नाही तर शहापूरकडे जाणार. औषधपाणी बघायला लता सिस्टर होत्या. चालवायला धसईचा बाळूदादा, ज्याने जन्मभर धसई-मुरबाड जीप चालवली आणि तिसरं गाव पाहिलं नाही. वाट दाखवायला जीपीएसचं मशीन, आणि ते समजावून सांगायला मी. अशा गाडीत किस्से धुळीसारखे साठतात. सकाळी झाडले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच.

पहिल्याच दिवशी मी तळमळीने शिकवलं. उपग्रह फक्त आपली जागा आणि वेळ सांगत राहतात. तो संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून मशीन अंतर काढतं. असे निदान चार उपग्रह जमले की आपण कुठे आहोत ते कळतं.

"म्हंजे ते आपल्याला बघत नाय?" बाळूदादा.

"नाही. त्यांना आपला पत्ताच नसतो."

"मंग कळतं कुनाला?"

"आपल्याला."

"आपल्याला म्हाईतच हाय की. आपन धसईत हाव."

धसईच्या भर बाजारात, भाजीच्या पाट्यांमध्ये गाडी अडकली असताना मशीन म्हणालं, "यू-टर्न घ्या."

"शक्य नाय, ताई," बाळूदादा अदबीने म्हणाला.

"यू-टर्न घ्या."

"ताई, पुढं टोमॅटो हायेत, मागं म्हैस हाय."

लता सिस्टर मागून म्हणाल्या, "बाळू, बायको दहा वेळा हाक मारते तवा तोंडातून शब्द नाय निघत. आनि हिला टोमॅटोपासून सांगतोस."

"बायको उजवीकडं का डावीकडं ते सांगत नाय ना, सिस्टर."

एकदा नव्या रस्त्याने जाताना पडद्यावर आमची गाडी थेट धरणाच्या पाण्यात दिसायला लागली. मी समजावलं, उपग्रह बरोबर आहेत, जुन्या नकाशात हा रस्ताच नाही, म्हणून तसं दिसतं. सिस्टरना सगळं पटलं. मान डोलावून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाय वर करून बसल्या.

दुसऱ्या सोमवारी मी मशीनमध्ये ठाकूरवाडी निवडली. ठाकूरवाड्या किती आहेत ते मला कुठे माहीत! आम्ही पोचलो वैशाखऱ्याजवळच्या भलत्याच ठाकूरवाडीत. मी माफी मागून गाडी वळवायला सांगितली. एक आजी गाडीच्या दारातच आडवी आली.

"चुकलाव तं चुकलाव. आता तपासून जावा."

सिस्टरनी सगळ्यांचं बीपी तपासलं. आमची ठाकूरवाडी दुपारपर्यंत वाट बघून शेतावर गेली, आणि संस्थेच्या साहेबांचा मला कडक फोन आला. इकडे निघताना आजी खिडकीशी आली. "पुढच्या सोमवारी पन चुका हां, पोरी."

शेवटच्या सोमवारी साहेब स्वतः ठाकूरवाडीत येऊन बसणार होते. म्हणून मी आदल्या दिवशी उत्साहाने मशीन अपडेट केलं. आता गाव नुसतं तोंडाने सांगितलं तरी चालणार होतं. सकाळी बाळूदादाने अंगणात उदबत्ती ओवाळली, स्टेअरिंगला हात जोडले, किल्ली फिरवली.

"कुठे जायचं?" मशीनने विचारलं.

बाळूदादाने किल्ली बंद केली. उतरला. ओट्यावर जाऊन बसला, पाणी प्याला.

"निघताना 'कुठं' इचारलं. आता काम व्हतंय का?"

थोड्या वेळाने तो पुन्हा निघाला. उदबत्ती, नमस्कार, किल्ली.

"कुठे जायचं?"

पुन्हा ओटा, पुन्हा पाणी.

"दादा, अहो मशीन आहे ते," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"असंल. पन घरात वळन लावनारं कुनी नाय वाटतं."

"शेजारीन असती तं भांडता तरी आलं असतं," सिस्टर म्हणाल्या. त्याही एव्हाना ओट्यावर बसल्या होत्या.

एवढ्यात साहेबांचा फोन आला. मी घाईत स्पीकर लावला.

"कुठे आहात?"

"हे बघा," बाळूदादा म्हणाला, "आता सायेब पन."

तिसऱ्यांदा पाणी पिऊन आम्ही ठाकूरवाडीला पोचलो तेव्हा साहेब आपल्या गाडीत बसून निघालेच होते. काच खाली करून एवढंच म्हणाले, "उद्या वेळेत या. नाही तर गाडी शहापूरला."

दुसऱ्या दिवशी बाळूदादाची अंघोळ व्हायच्या आत मी ठरवून टाकलं. मशीनमध्ये 'कुठे जायचं?'च्या जागी आपला आवाज भरायची सोय होती. धसईत निघालेल्या माणसाला विचारतात तसंच मी विचारलं आणि रेकॉर्ड करून ठेवलं. उदबत्ती झाली, नमस्कार झाला, किल्ली फिरली.

"लांब का, दादा?"

"नाय गो, हितंच. ठाकूरवाडीला," बाळूदादा म्हणाला आणि गिअर टाकला.