मतदान आणि भरीत

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी करपत होती आणि माझे विद्यार्थी हात वर करून मतदान करत होते. मुद्दा एवढाच, की वांगी आत्ता उलटायची की जरा वेळाने.

मी जळगावच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवते. 'सामूहिक नेतृत्व' हा नवा कोर्स मी हट्टानं सुरू केला होता. ग्रुपला कायमचा लीडर नाही, जबाबदारी सगळ्यांची, आणि शिकायचं गावात, कामातून. आम्हाला चोपड्याजवळच्या एका गावात शोषखड्डे करायचे होते. मोरीचं पाणी गल्लीत न साचता त्या खड्ड्यांतून जमिनीत मुरतं. गल्लीनं होकार द्यावा म्हणून पोरांनी भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे भरिताला बोलावलं की माणूस चार गोष्टी ऐकून घेतो.

प्राचार्यही आले.

"लीडर कोण?"

"एकच असा नाही, सर."

"तेच तर. आज गावासमोर फजिती झाली, तर कोर्स बंद."

ज्यांच्या शेतात आम्ही चूल मांडली होती त्या गल्लीतल्या अक्का मतदान बघून म्हणाल्या, "वांगं काय तुम्हनी वाट दखस का?"

मतदान बरोबरीत सुटलं. तोवर वांग्यांचा कोळसा झाला होता. मला हसूही येत होतं आणि धडकीही भरली होती. हुकूम सोडावा असं फार वाटलं, पण तो मोह आवरला.

शेवटी पोरांमधली रूपाली उठली. "मतदान पुरे. उरलेली वांगी मी भाजते. सांगेन तेव्हाच उलटा."

कोणी हुज्जत घातली नाही. भाजून होताच ती बाजूला झाली. आता बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, विशालच्या ताब्यात. त्यानं थेट प्राचार्यांपुढे वांगी ठेवली. "सर, गरम आहेत तोवर सोला." सर बाह्या सरसावून बसले.

पंगतीत बोलायला सायली उभी राहिली. खड्डा कुठे, किती खोल, साफ कोण करणार, सगळं तिनं साध्या शब्दांत सांगितलं. गल्ली विचारात पडली. अक्का हात धुऊन म्हणाल्या, "पहिला खड्डा मन्हा घरपाईन चालू करा." अक्कांनी स्वतःचंच घर पुढे केल्यावर बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला तर नाचावंसं वाटलं.

परतताना सर म्हणाले, "म्हणजे लीडर रूपालीच ना?"

"तुम्हाला सोलायला कोणी बसवलं, सर?"

"विशालनं."

"आणि गल्लीला कोणी पटवलं?"

सर हसले. कोर्स चालू राहिला.

मी मात्र पहिल्या तासाचं भाषण बदललं. नेतृत्व सगळ्यांचं असतं, पण एका वेळी एकाचंच. बाकीच्यांनी तेवढा वेळ मुकाट सोलत बसायचं.